एका कार्डावर दोघं आत: ऑफिसमधलं टेलगेटिंग कसं बंद करायचं (नवीन अ‍ॅडमिनवाल्यांसाठी)

मी पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत अ‍ॅडमिन आणि फॅसिलिटी बघतो. त्याआधीच्या नोकरीत नवीन असताना, जेमतेम तीन महिने झाले असतील, दुपारी जेवायच्या वेळेत दोन लॅपटॉप गेले. सीसीटीव्ही काढून बघितला तर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्डची निळी दोरी, कानाला फोन, असा एक माणूस शांतपणे काचेच्या दारातून आत येतोय आणि आमचाच एक मुलगा त्याच्यासाठी दार धरून उभा आहे, वर हसतोय पण. दोरी कुठलीतरी भलतीच होती आणि कार्ड उलटं फिरलेलं होतं, त्यामुळे नाव कोणाला दिसायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एकच विचारलं, "एवढं अ‍ॅक्सेस कंट्रोल बसवलंय ना आपण?" बसवलं होतं हो, पण ते दार कार्ड मोजतं, माणसं मोजत नाही, हे तेव्हा मलाच नीट कळलेलं नव्हतं.

यालाच टेलगेटिंग म्हणतात. त्यात एक बारीक फरक करतात, तुम्हाला न कळता कोणी मागून घुसला तर टेलगेटिंग आणि तुम्हीच दार धरून "या या" म्हणालात तर पिगीबॅकिंग. ऑडिटच्या कागदावर हा फरक कामाचा, दारावर नाही, दारावर निम्म्याहून जास्त वेळा दुसराच प्रकार चालतो. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २४ नोव्हेंबर २००९ ला व्हाइट हाउसमध्ये मनमोहन सिंगांसाठी मेजवानी होती, तिथे यादीत नाव नसलेलं सलाही नावाचं जोडपं नटूनथटून आत गेलं आणि थेट ओबामांशी हात मिळवून आलं. पुढे जानेवारीत कळलं की त्याच रात्री आणखी एक बिनबोलावलेला माणूस आत होता आणि तो हॉटेलवरून निघालेल्या भारतीय शिष्टमंडळाबरोबरच आला होता. घोळक्यात एक जास्त, झालं. तेव्हा आपल्या गार्डकाकांना शिव्या घालण्याआधी हे आठवा.

तर आता पायरी-पायरीने. मी ज्या क्रमाने करायला हवं होतं तो क्रम देतोय, मी केलं होतं उलट्या क्रमाने, आधी महागडं गेट मागवलं आणि मग दारं मोजली.

०. आधी हे गोळा करा

मजल्याचा नकाशा (फायरवाल्यांना दिलेला असतोच, तोच मागा). एचआरकडून चालू माणसांची यादी आणि गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांची यादी, दोन्ही. अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअरमधली चालू कार्डांची यादी. सिक्युरिटी एजन्सीच्या लायसन्सची कॉपी, २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली ते लागतं, आणि गार्डांच्या पोलिस व्हेरिफिकेशनचे कागद. हाउसकीपिंग, पॅन्ट्री, एसी, झाडांना पाणी घालणारा, झेरॉक्स मशीनवाला, अशा सगळ्या बाहेरच्या लोकांची नावं. मोबाइलमध्ये स्टॉपवॉच. एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. हसू नका, या सगळ्यात जास्त उपयोग त्या स्क्रू ड्रायव्हरचाच झाला मला.

एचआरची यादी आणि कार्डांची यादी शेजारी शेजारी लावा आणि जुळवा. नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डं चालू सापडणार, सापडतातच. ती त्याच दिवशी बंद करा, कोणाला विचारत बसू नका.

१. दारं मोजा, तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात

नकाशा घेऊन स्वतः फिरा. रिसेप्शनचं दार सगळ्यांना माहीत असतं, लफडं नेहमी मागे असतं. सर्व्हिस लिफ्टचं दार, पॅन्ट्रीतून जिन्यात उघडणारं दार, पार्किंगमधून थेट वर येणारी लिफ्ट, गच्चीचा जिना, यूपीएस रूमचं मागचं दार. आमच्याकडे सिगरेटवाल्यांनी जिन्याचं फायर डोअर उघडं राहावं म्हणून त्याला टेकू लावला होता, आणि टेकू कसला तर फायर एक्स्टिंग्विशरचा! म्हणजे आग लागली तर धूर जिन्यात जाऊ नये म्हणून जे दार आपोआप बंद व्हायला हवं, तेच आग विझवायच्या नळकांड्याने उघडं ठेवलेलं. त्या दारातून आत आलेला माणूस कुठल्याच रेकॉर्डला येत नाही.

प्रत्येक दाराला नंबर द्या, फोटो काढा, दार कोणाच्या वापरातलं ते लिहा. जे दार कोणालाच लागत नाही ते बाहेरून बंद करा, पण आतून बाहेर पडायला ते कायम उघडायलाच हवं. फायरच्या वाटेवरच्या दाराला कुलूप लावायचं नाही, कोणी कितीही मोठ्या साहेबांनी सांगितलं तरी नाही.

२. एक दिवस नुसतं बसून मोजा

सकाळी गर्दीच्या वेळेला, समजा साडेनऊ ते साडेदहा, रिसेप्शनच्या सोफ्यावर वही घेऊन बसा आणि आत जाणारी डोकी मोजा. मग त्याच तासाचा स्वाइपचा रिपोर्ट काढा आणि दोन आकडे शेजारी लिहा. आमचा आकडा इथे सांगत नाही, पण मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावला तेव्हा सगळे गप्प झाले होते, त्याआधी "आपल्याकडे असं काही होत नाही" म्हणणारेच जास्त होते. बजेट मागायच्या वेळी हा एक कागद वीस स्लाइडपेक्षा भारी पडतो.

आत आणि बाहेर दोन्हीकडे रीडर (कार्ड वाचणारं यंत्र) असतील तर आणखी सोपं, ज्याची बाहेर जायची नोंद आहे पण आत यायची नाही, तो दुसऱ्याच्या मागून आलाय. असा रिपोर्ट बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये निघतो, फक्त तो कोणी काढत नाही.

३. दार दुरुस्त करा, मग माणसं

इथे जरा सावकाश वाचा, कारण लोक हीच पायरी गाळतात.

दाराच्या वर जो हात असलेला डबा असतो तो डोअर क्लोजर. त्याच्या कडेला दोन बारीक स्क्रू असतात, एकाने दार किती वेगात फिरतं ते ठरतं, दुसऱ्याने शेवटच्या वीतभर अंतरात ते किती जोरात बसतं ते. स्टॉपवॉच लावून बघा. आमचं मुख्य दार पूर्ण बंद व्हायला इतका वेळ घ्यायचं की मागून येणारा माणूस चहाचा कप हातात घेऊन चालत आला तरी आरामात आत यायचा. स्क्रू पाव पाव फेरा फिरवून बघत बघत ते आणलं साधारण पाच सेकंदांवर. फार घट्ट पण करू नका, एखाद्या वयस्कर पाहुण्याच्या खांद्यावर दार बसलं तर दुसरीच भानगड. क्लोजरमधून तेल गळत असेल तर स्क्रूशी खेळू नका, तो मेलाय, बदला.

मग लॉक. काचेच्या दाराला साधारण ६०० पाउंडचा मॅग्नेट लॉक असतो, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास ओढ धरतो, ऐकायला भक्कम वाटतं. पण मॅग्नेट आणि समोरची लोखंडी पट्टी एकमेकांवर सपाट बसली तरच. पट्टी तिरकी झाली, मध्ये कचरा आला, कोणी चिकटपट्टी लावली (लावतात, वारंवार स्वाइप करायचा कंटाळा येतो म्हणून) तर साधा धक्का मारून दार उघडतं. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात आणि चौकटीला घासून अर्धवट थांबतात, त्यासाठी जूनमध्ये एक फेरी मारा. एसी जोरात असेल तर आतल्या हवेच्या दाबानेही दार पूर्ण बसत नाही.

स्वाइप केल्यावर लॉक किती सेकंद सुटं राहतं ते सॉफ्टवेअरमध्ये बघा. एका ठिकाणी ते पंधरा होतं, कोणीतरी कधीतरी सामान आत घेताना वाढवलेलं आणि तसंच राहिलेलं. तीन ते पाच पुरतात. दार जास्त वेळ उघडं राहिलं की वाजणारा बझर आहे का, आणि असला तर त्याच्या तोंडात कापूस तर कोंबलेला नाही ना, तेही बघा.

आणि बॅटरी. मॅग्नेट लॉक वीज गेली की सुटतो, सुटायलाच हवा, माणसं आत अडकू नयेत म्हणून. पण मग पॉवर सप्लायच्या डब्यातली ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेलेली असेल तर लाइट गेल्या गेल्या सगळी दारं मोकळी, आणि गार्डला पत्ताच नाही कारण रीडरचा दिवाही गेलेला. महिन्यातून एकदा मेन बंद करून बघा दार किती वेळ धरतं.

४. लोकांच्या तोंडात वाक्य द्या

"टेलगेटिंग करू नका" असं पोस्टर मीही लावलं होतं. काही फरक पडला नाही. कारण मागून येणाऱ्याच्या तोंडावर दार बंद करणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात, आणि समोरचा हातात दोन बॅगा, वर केकचा डबा घेऊन उभा असेल तर कोण म्हणणार "कार्ड दाखव"? विशेषतः फ्रेशर मुलगी असेल आणि मागे कोणी पिकलेल्या केसांचा माणूस असेल तर ती कधीच म्हणणार नाही. तिला नियम माहीत असतो. तिला वाईट व्हायचं नसतं.

म्हणून वाईटपणा मशीनवर ढकला. आम्ही इंडक्शनमध्ये सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतो: "सर, तुम्हीपण टॅप करा ना प्लीज, नाहीतर माझं नाव रिपोर्टमध्ये येतं." बस एवढंच. यात समोरच्यावर संशय नाही, आपण बिचारे आहोत, मशीन खडूस आहे. आणि ज्याच्याकडे कार्डच नाही त्याच्यासाठी दुसरं: "चला, मी रिसेप्शनपर्यंत येतो तुमच्यासोबत." दार धरणाऱ्याला मदतच करायची असते ना, मग मदत तीच, फक्त वाट वेगळी. खरा पाहुणा खूश होतो. ज्याला आत घुसायचं असतं त्याला अचानक फोन येतो.

कार्ड घरी विसरलेल्यांची सोय आधी करून ठेवा, हे फार महत्त्वाचं. दिवसाचं तात्पुरतं कार्ड दोन मिनिटांत मिळालं पाहिजे. त्यासाठी मॅनेजरचा मेल, मग एचआरचा मेल, मग अर्धा तास सोफ्यावर, असं केलंत तर माणूस सरळ मित्राच्या मागून आत जाणार, मीही गेलो असतो.

५. गार्डच्या मागे उभे राहा

गार्ड बारा-बारा तास उभा असतो, पगार तुम्हाला माहितीय, आणि आपण त्याच्याकडून अपेक्षा करतो की त्याने व्हीपीला अडवावं. एकदा आमच्या काकांनी खरंच अडवलं, "साहेब, कार्ड." साहेब म्हणाले, "नवीन आहात का? मला ओळखत नाही?" काका नवीन नव्हते, सहा वर्षं होते आणि चांगलं ओळखत होते. संध्याकाळी एजन्सीला फोन गेला, पुढच्या आठवड्यात काका दुसऱ्या साइटवर. त्या दिवसानंतर त्या दारावर कोणीच कोणाला अडवलं नाही.

म्हणून नियम लागू करायच्या पहिल्या दिवशी सगळ्यात वरच्या माणसाला सकाळी दारावर थांबवायचं, त्यांनी सगळ्यांसमोर कार्ड दाखवायचं, आणि त्यांच्याच नावाने मेल जायचा की गार्डने अडवलं तर तो माझ्या सांगण्यावरून अडवतोय. हे जमत नसेल तर बाकीच्या पायऱ्यांवर पैसे घालवू नका.

गार्डला दारात उभं केलंय आणि हातात कुरिअरचं रजिस्टर, फोन, पाण्याच्या जारची मोजणी, साहेबांच्या गाडीची चावी, सगळं दिलंय, असंही करू नका. गर्दीच्या दोन तासांत त्याला एकच काम. आणि गार्ड म्हणजे पोलिस नाही, कोणाची जबरदस्तीने झडती घ्यायचा अधिकार त्याला नाही. बॅग तपासायची पद्धत असेल तर ती प्रवेशाची अट म्हणून आधीच बोर्डवर लिहा, आणि बायकांसाठी लेडी गार्ड ठेवा.

६. शिडी घेतलेला माणूस

सूटबूटवाल्यापेक्षा मला शिडीवाल्याची भीती जास्त. खांद्यावर शिडी, हातात ड्रिलची पेटी, एसी मेकॅनिक दिसला की लोक धावत जाऊन दार उघडतात, वर "इकडून या, इकडून या" करतात. जेवणाचे डबे घेऊन येणाऱ्यांचंही तेच.

वर्क परमिटशिवाय कोणी टेक्निशियन वर येणार नाही, असं ठरवा. कोणी बोलावलं, कुठल्या कामाला, किती वाजेपर्यंत, सोबत आपला कोण. परमिटवर जो नंबर लिहिलाय त्यावर फोन करू नका, तुमच्या व्हेंडर लिस्टमधल्या नंबरवर करा. पार्सल आणि डबे लॉबीतच, एक टेबल आणि एक रॅक ठेवली की प्रश्न मिटतो.

व्हिजिटर पास कार्डांपेक्षा वेगळ्या रंगाचा आणि मोठा, दहा फुटांवरून कळला पाहिजे, आणि जाताना परत घ्यायचा. रजिस्टरमध्ये आधीच्या पन्नास लोकांचे फोन नंबर पुढच्याला वाचता येतात ते बंद करा. आधारची झेरॉक्सही घेऊ नका, ओळखपत्र बघा आणि परत द्या, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, आणि तो झेरॉक्सचा गठ्ठा सांभाळायचं नसतं लचांड तुमच्यामागे कशाला.

७. हे दिवस लक्षात ठेवा

फायर ड्रिल. सगळे खाली, अलार्ममुळे लॉक सुटलेले, आणि परत येताना चारशे लोक एकदम, कोणीही स्वाइप न करता. कोणाला घुसायचं असेल तर यापेक्षा चांगली वेळ नाही. ड्रिल संपल्यावर आधी लॉक परत चालू झाले का ते प्रत्येक दाराला ढकलून बघा (फायर पॅनल रीसेट केलं तरी काही दारं सुटीच राहतात, माझ्या बाबतीत दोनदा झालंय), मगच लोकांना वर सोडा, रांगेने, टॅप करून.

तसंच दसऱ्याची पूजा, दिवाळीचा ट्रॅडिशनल डे (त्या दिवशी बायका-पोरंही येतात आणि पैठणीवर आयकार्ड कोण घालतं), इंटरव्ह्यूचा वॉक-इन, जोराचा पाऊस, आणि शनिवार-रविवारची फर्निचरची कामं. त्या दिवशी एक जास्तीचा माणूस दारावर.

८. गेट घ्यायचंच असेल तर

कमरेएवढं तीन दांड्यांचं ट्रायपॉड गेट स्वस्त असतं, पण त्यावरून उडी मारता येते आणि खालून वाकून जाता येतं, म्हणून समोर माणूस लागतोच. काचेच्या पंखांचं फ्लॅप बॅरिअर दिसायला छान, त्याला सेन्सर असतात, दोघं चिकटून गेले तर वाजतं, पण ट्रॉली बॅगलाही वाजतं आणि आठ दिवसांत कोणीतरी सेन्सिटिव्हिटी कमी करून टाकतं. सर्व्हर रूम किंवा कॅश असेल तिथेच दोन दारांची खोली करा, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही अशी. कुठलंही घ्या, व्हीलचेअर जाईल अशी एक रुंद लेन हवीच, आणि फायर अलार्मला सगळं आपोआप उघडलं पाहिजे.

अँटी-पासबॅक नावाचं एक सेटिंग असतं, बाहेर पडायची नोंद झाल्याशिवाय त्याच कार्डाने परत आत येता येत नाही, आणि आत यायची नोंद नसेल तर त्या कार्डाने बाहेरचं दार उघडत नाही. फुकटात मिळतं आणि फार गुणी आहे, पण एकदम कडक मोडमध्ये लावू नका. मी सोमवारी सकाळी लावलं, दुपारी जेवायच्या वेळेला अर्धा मजला कॉरिडॉरमध्ये अडकला आणि माझा फोन बंद पडेपर्यंत वाजला. आधी महिनाभर नुसतं नोंद करणाऱ्या मोडमध्ये ठेवा, रोज रिपोर्ट काढून लोकांना गोड मेल पाठवा. आणि बाहेर पडायचं आपत्कालीन बटण या सेटिंगच्या पलीकडे, कायम चालू. ते बटण दाराच्या फटीपासून लांब बसवा, बाहेरून पट्टी सारून कोणाला दाबता येता कामा नये.

९. स्वतःच घुसून बघा, पण खिशात पत्र ठेवून

आयएसओ २७००१ चं (माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) ऑडिट असेल तर २०२२ च्या आवृत्तीत परिशिष्टातला ७.२ हा मुद्दा याच विषयाचा आहे, ऑडिटर पॉलिसी वाचतो आणि मग मुकाट्याने कोणाच्यातरी मागे उभा राहतो. त्याच्याआधी तुम्ही करा. दुसऱ्या ब्रँचचा अनोळखी माणूस घ्या, हातात केकचा डबा द्या, चार वेगवेगळ्या वेळी चार दारांतून पाठवा. त्याच्या खिशात कंपनीच्या लेटरहेडवर सहीचं पत्र हवं की हा आमच्याच सांगण्यावरून आलाय, तारीख आणि दोन फोन नंबर घालून, आणि तो फोन त्या दिवशी उचलला गेला पाहिजे. निकाल सांगताना दार नंबर आणि वेळ सांगा, नाव नाही. ज्याने अडवलं त्याचं नाव मात्र सगळ्यांसमोर घ्या.

१०. आत कोणी सापडलाच तर

हात लावू नका, दार अडवून "पकडा पकडा" करू नका. "कोणाला भेटायचंय? चला मी सोडतो" म्हणत त्याच्यासोबत रिसेप्शनपर्यंत चाला, दुसऱ्याला खुणेने गार्डला बोलवायला सांगा. तो पळाला तर पळू द्या, जिन्यात मारामारी नको. धमकी देत असेल तर ११२. मग लगेच, त्याच तासात, सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं आणि "उद्या काढू" म्हणता म्हणता जातं. दाराचा लॉग, व्हिजिटर रजिस्टरचं ते पान, काय काय गेलं त्याची सिरीयल नंबरसकट यादी, एवढं घेऊन पोलिस ठाण्यात जा. गुन्ह्याच्या हेतूने अनधिकृत घुसण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३२९ आहे, १ जुलै २०२४ पासून, जुन्या फॉरमॅटमध्ये ४४१-४४७ छापलेलं असेल तर बदलून घ्या. चोरीचं कलम वेगळं लागतं ते ठाणे अंमलदार बघतील.

आमचे ते दोन लॅपटॉप काही मिळाले नाहीत. सिरीयल नंबरची यादी माझ्याकडे नव्हती, ती करायला मी त्या प्रकारानंतर बसलो, आणि ज्या मुलाने दार धरलं होतं तोच माझ्यासोबत रात्री साडेनऊपर्यंत एकेक लॅपटॉप उलटा करून नंबर वाचून दाखवत होता.